शुक्रवारचा आकडा

शुक्रवारी साडेचारला मी आकडा पाठवते.
शाहूपुरी, दुसरा मजला, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या.
मागल्या आठवड्यात बेकारी भत्त्याचे नवे अर्ज : दोनशे चौदा.
या आठवड्यात : एकशे एकोणनव्वद.

"उतरला की!" साहेब म्हणाले,
आणि फोनवर कुणालातरी तेच, जरा मोठ्यानं,
"मार्केट सुधारतंय."

मी काही बोलले नाही.
मंगळवारी सर्व्हर झोपला होता.
बुधवारी जोतिबाची यात्रा, खिडकीच्या गजांना गुलाल,
खिडकीच्या आत कुणी नाही.
राहिले तीन दिवस.
तीन दिवसांत एकशे एकोणनव्वद, पाच दिवसांत दोनशे चौदा,
यात उतार कुठला नि चढ कुठला
हे चौथीतलं पोरही सांगेल,
पण चौथीतल्या पोराला फोन लावून विचारत नाहीत.

म्हणून मी चार आठवड्यांची सरासरी काढते.
एकटा आठवडा खुशाल थापा मारतो,
चौघं एकत्र बसवले की जरा चाचरतात.
रंकाळ्यावर लाट बघू नये,
पायऱ्या बघाव्यात,
किती बुडाल्या, किती उघड्या पडल्या.

मग हंगाम वजा करायचा.
एप्रिलात साखर कारखान्यांचे पट्टे थांबतात,
हंगामी माणसं घरी येतात, दरवर्षीच येतात.
दरवर्षीचं दुःख आम्ही आकड्यात धरत नाही.

जे कधी आलेच नाहीत ते तर कशातच नाहीत :
ठेकेदाराची माणसं, ज्यांचा विमा कधी कापला नाही,
गांधीनगरात दिवसभर साड्या उलगडणाऱ्या मुली.
त्यांचं काम जातं
तेव्हा माझ्या रकान्यातलं एक अक्षरही हलत नाही.

आणि शेवटचा तक्ता. पटावरून कमी झाले : एकतीस.
नोकरी लागली, सहा.
मुदत संपली, नऊ.
इतर, सोळा.

इतरमध्ये इलाही शिकलगार.
गोकुळ शिरगावात अकरा वर्षं सीएनसी ग्राइंडरवर.
दर शुक्रवारी यायचा, इस्त्रीचा शर्ट,
खिशाला बंद पडलेल्या कंपनीचं ओळखपत्र.
"केसाच्या इसाव्या हिश्श्याएवढी चूक म्याडम,
तेवढीबी आमच्यात चालत न्हाई."
मी त्याचं आडनाव एकदा चुकवलं होतं.
मग तो येईनासा झाला.
कारणाच्या रकान्यात काहीतरी भरावंच लागतं.

रविवारी सकाळी गल्लीत आरोळी,
धाऽऽर! इळीला, कातरीला धाऽऽर!
सायकल स्टँडवर चढवलेली,
पॅडल मारेल तसा दगड गरगरत होता,
ठिणग्या त्याच्या मनगटावर पडून विझत होत्या.
विळी घेऊन खाली गेले तर तोच.

"आज्जाचा दगड हाय. माळ्यावर पडून हुता."
पात उजेडात तिरकं धरलं, एक डोळा मिटला,
पुन्हा दगडाला लावलं.
एवढं कुणी विळीचं बघत नाही.

"आकडा उतरला म्हनं," तो म्हणाला, मान वर न करता.
"पेपरात हुतं. त्यात मी हाय न्हवं?"
"आहेस."
"मग बरं झालं की."
हसला का, ते दगडाच्या आवाजात कळलं नाही.
तीस रुपये घेतले. मी पन्नास दिले,
त्यानं वीस मोजून परत केले.

पुढल्या शुक्रवारी दोनशे सत्तावीस.
बोटाला पट्टी होती माझ्या,
इतक्या धारेची सवय राहिली नव्हती,
आकडे एका हातानं टाइप केले.

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "का हो, चढला?"
"सर्व्हर चालू होता," मी म्हणाले.