वाफवलेली माती

पहिल्या वर्षी आम्ही माती वाफवली.
दोन तास, मोठ्या पातेल्यात, वर ओलं गोणपाट टाकून.
किडा नको, बुरशी नको, परकं बी नको.
इंदूरचीच माणसं आम्ही,
स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या शहराची;
ओला कचरा, सुका कचरा
झोपेतसुद्धा वेगळा करणारी.
त्या मातीत वाढवलेली धावड्याची चारशे रोपं
सिमरोलच्या मागच्या बोडक्या टेकडीवर नेली.
होळीपर्यंत एकोणीस उरली.

पागनीस बाईंनी वहीत लिहिलं: पाणी कमी पडलं.
दुसऱ्या वर्षी टँकर आणला. लिहिलं: ऊन.
तिसऱ्या वर्षी हिरवी जाळी बांधली
आणि कारणाची ओळ
कोरी सोडली.

गेंदालाल डावर रोजंदारीवर पाणी घालायला यायचा.
मेलेलं रोप उपटायचा, मूळ बोटांत चोळायचा,
नाकाशी धरायचा.
"बाई, इनी माटी में बास नी हे."
बाईंना वाटलं, खत म्हणतोय.

एका सोमवारी त्याने चोरलच्या उतारावरून,
जुन्या धावड्याच्या बुंध्यापासून,
युरियाच्या रिकाम्या पोत्यात माती आणली.
काळी, चिकट,
कुजकी पानं, मुंग्या, तुटकी मुळं, सगळ्यासकट.
टेबलावर ओतायला लागला तेव्हा
मी आधी खाली वर्तमानपत्र सरकवलं.
सवय.

मुळं उकळणं ही माझी नोकरी.
पोटॅशमध्ये, त्यांचा रंग उडेस्तोवर;
मग आम्लात बुचकळायची,
मग रात्रभर निळ्या रंगात.
सकाळी काचेवर ठेवलं, भिंग खाली आणलं,
तर मुळाच्या एकेका पेशीत
एकेक झुडूप.
निळं, बिनपानांचं, फांद्यांना फांद्या फुटत
धुरासारखं विरत गेलेलं.
आणि बाहेर धागे,
काचेच्या कडेपर्यंत,
काच होती म्हणून तिथे संपलेले.

मग आमचं रोप पाहिलं.
पेशीमागून पेशी, लख्ख,
भाडेकरू न आलेल्या चाळीसारख्या.

झाडं एकमेकांशी बोलतात असं मी लिहिणार नाही.
मी ऐकलेलं नाही.
पाहिलं आणि वाचलं ते एवढंच, की
मूळ जिथे अडतं तिथून ती पुढे जाते,
केसाहून बारीक होऊन, दगडाच्या फटीतून
स्फुरद आणते, ओल आणते,
आणि बदल्यात साखर घेते. रोख.
मुळाने हात आखडला तर तीही आखडते.
उपकार कुणी कुणावर करत नाही,
तरी वर सावली पडते.

मला का कोण जाणे आई आठवली.
भाजीवालीशी माळवीत घासाघीस,
देवाशी मराठीत.
पुण्याची आत्या विचारायची,
"तुमचं मराठी असं कसं गं?"
आई उत्तर द्यायची नाही,
तिच्या ताटलीत भुट्ट्याचा कीस
आणखी एक डाव वाढायची.
कोण कुणात मुरलं
हे तिला कधी काचेखाली बघावं लागलं नाही.

चौथ्या वर्षी दर पिशवीत मूठभर
चोरलची माती.
"मूठभर म्हणजे किती ग्रॅम?" बाईंनी विचारलं.
गेंदालालने आपली मूठ
वहीच्या कोऱ्या ओळीवर ठेवली.
डाग अजून आहे.

पातेलं आता हॉस्टेलच्या खिचडीला दिलंय.
चारशेतली दोनशे सत्तर तगली;
बाकीची बरीचशी बकऱ्यांनी खाल्ली,
ते कारण निदान लिहिता तरी येतं.

काल टेकडीवर गेले होते.
रोपं कमरेला लागतात, अजून जंगल नाही,
कुणी गाडी थांबवून बघावं असं काही नाही.
वाकले, एकाच्या बुडाशी बोटं खुपसली,
वास घेतला,
आणि तशाच हातांनी
डबा उघडला.