अस्तर

दुर्बीण घशातून खाली उतरली तेव्हा
मी ब्लाउजांचा हिशेब करत होतो.
एकवीस तारखेचं लग्न, पडिलेबाईंचे अकरा,
सात अस्तराचे, चार बिनअस्तराचे,
आणि आसेफनं अजून हुकं लावलेली नव्हती.

डॉक्टर केंद्रे, वयानं माझ्या पोरीएवढ्या,
पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
"काका, हे तुमच्या जठराचं अस्तर. सुजलंय."
अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी माझ्या भाषेत बोललं.

तोंडात नळी, नाहीतर विचारलं असतं:
कापड कोणतं? लावायच्या आधी भिजवलं होतं का?
कोरं लावलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं,
वरच्या कापडाला आत ओढतं,
गिऱ्हाईक म्हणतं, मास्तर, तुमचं माप चुकलं.

गुलाबी असायला पाहिजे, तिथं लाल चट्टे.
इस्त्री ठेवून कुणी गप्पा मारत बसलं
की उठतात तसे.

मंडी बाजारात सगळ्यांचं एकच निदान:
"ठेच्यानंच झालं बघा. किती खायलाव तुमी!"
निलावतीनं त्याच रात्री दगडी खल
बाजेखाली सरकवला, वर पोतं टाकलं,
जसं काही तोच रात्री उठून माझ्या पोटात जायचा.
केंद्रेबाई हसल्या.
मिरची चोळते, म्हणाल्या, झोंबते,
पण हे काम तिचं नाही.
एक जंतू आहे, पिळाचा, बारीक,
लहानपणीच कधीतरी शिरला असेल,
पाण्यातून म्हणा, कुणाच्या उष्ट्यातून म्हणा,
पन्नास वर्षं बिनभाड्याचा राहिला.

"आणि अंगदुखीच्या गोळ्या घेता का?"
मी गल्ल्यातलं पाकीट आठवलं.
सुट्ट्या पैशांशेजारी, खडूच्या तुकड्यांत,
मानेसाठी, लग्नसराईत रोज दोन,
उपाशीपोटी, कटिंगच्या घोटाबरोबर.
मान शिवत राहिली,
पोट उसवत गेलं.

चौदा दिवस औषध.
एक गोळी जेवणाआधी अर्धा तास,
बाकीच्या जेवल्यावर, सकाळी आणि रात्री.
तोंडात दिवसभर जुनं नाणं चघळल्याची चव.
नवव्या दिवशी जळजळ थांबली
आणि मी हुशारी केली, निलावतीला म्हणालो, पुरे.
तिनं काही न बोलता
माझ्यासमोर एक जुनी पँट धरली,
मधेच दोरा तोडून सोडलेली, माझ्याच हातची,
आणि शिवणीचं टोक धरून ओढलं.
चौदाही दिवस घेतल्या.

आता दुकानात दोन डबे असतात.
मऊ भाकर, वरण, दुधी. कधी ताक.
तंबाखूची चंची काज-बटणाच्या खोक्यात गेली,
तिथून आसेफनं कुठं टाकली, सांगत नाही.
मानेला गरम पिशवी, आणि दर तासाला उठून
पानटपरीपर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परत येणं.
लोक विचारतात, मास्तर, कुणाची वाट बघायलाव?

महिन्या-दीड महिन्यानं तपासलं. जंतू गेला.
सूज मात्र सावकाश जाईल, म्हणाल्या,
अस्तर भरायला वेळ लागतो.
अजूनही काही रात्री अडीचला जाग येते,
बरगड्यांच्या खाली कुणीतरी
विझलेल्या चुलीत फुंकर घालतं.
मी उशी उंच करतो. कधी झोप लागते,
कधी नाही लागत.

काल पडिलेबाई आल्या, मोरपंखी ब्लाउज घेऊन.
"एकदाच धुतला. दंडातून चढत नाही."
मी बाही उलटी केली.
अस्तर आटलं होतं, बोटभर.
गडबडीत कोरंच लावलं होतं मी,
दवाखान्यात जायचं होतं त्या आठवड्यात.
त्यांना म्हणालो, चूक माझी, पैसे नकोत.
ब्लेडनं एकेक टाका उचलायला घेतला.

अस्तर बादलीत भिजतंय.
आसेफ चहा सांगायला निघाला,
सकाळपासून काही खाल्लेलं नाही पोरानं.
म्हटलं, थांब.
आधी डबा उघड.