नोंदवही

बर्फाचा कारखाना बंद पडला, त्याच्या जाड भिंती
आमच्या वाट्याला आल्या. दमट दिवशी अजून
फरशीतून बांगड्याचा वास वर येतो.
वेंगुर्ला बंदरापासून चालत सात मिनिटं.
दारावर लिहिलंय: चपला बाहेर काढाव्यात.
आत काय चालतं ते लिहिलेलं नाही.

फुप्फुस मी स्वतः आणलं, मे महिन्यात, पहाटे,
उभ्यादांड्याच्या इजाबेल सोजच्या परसातून.
पुतण्याचं लग्न. पुरुष कढईपाशी,
आतडी धुणाऱ्या बायका विहिरीपाशी,
मधे मी, हातात डबा,
आमंत्रण नसलेल्या माणसासारखी.
"फोपसां कित्याक गो तुका? काळीज ने, चवीक बरां."
खायला नको, म्हटलं.
त्यावर तिनं माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं.

श्वासनळीतून मिठाचं पाणी भरायचं,
हलक्या हातानं चोळायचं,
मग ओतून घ्यायचं. पुन्हा भरायचं.
पेजेच्या निवळीसारखं पाणी येतं,
त्यात त्या असतात, भक्षक पेशी,
जन्मभर श्वासाच्या वाटेवर बसून
आलं-गेलं गिळणाऱ्या.
सूक्ष्मदर्शकाखाली काहींच्या पोटात काळे ठिपके दिसले.
इजाबेलची चूल.

गुलाबी द्रव, सदतीस अंश.
वीज गेली की जनरेटर, आणि डिझेल संपलं की
लाँचवाला नाझीम मुकादम,
जो प्रत्येक वेळी विचारतो, "तुमची डुकरं बरी आहेत ना?"
आणि नाक दाबून हसतो, आणि कॅन भरून देतो.
अहवालात आम्ही लिहितो, पेशी वाढवल्या.
खरं तर या वाढत नाहीत,
बाटलीच्या तळाला चिकटून तग धरतात,
आठवडा, फार तर दोन.
उरलेल्या आम्ही गोठवतो.

डुकरांचा तो ताप नेमका ह्यांच्यातच घर करतो.
जी गिळायला धावते, तिच्याच पोटात
विषाणू पाय पसरून बसतो.
म्हणून तर ह्याच हव्यात.

नाताळाच्या तोंडावर साथ आली.
जेसीबीचे दात कातळात अडकले,
खड्डा म्हणावा तितका खोल गेला नाही.
चुना मात्र भरपूर.
वाडीतलं एकही डुक्कर उरलं नाही,
आजारी, धडधाकट, सगळी.

जानेवारीत इजाबेल आली, चपला काढून, छत्री घेऊन, उन्हाची.
"अकरा होती. कागदार तीनच लिवल्यानी."
मग वाकून, हळू आवाजात:
"तुझ्या वहीत माझी एक आसा मां?"
होती. तारीख, वय, वजन एकोणऐंशी किलो,
मालक: इ. सोज. कारण: लग्न.
हिची भरपाई मिळणार नाही, मी सांगितलं,
ही तुम्हीच मारलेली.
"आसू दे. माझ्याकडे डुकरां होती
इतक्या तरी दिसात."
मी झेरॉक्स काढून दिली. शिक्काही मारला,
तो मारण्याचा मला अधिकार नव्हता.

मग म्हणाली, दाखव.
एक कुपी कालच वितळवली होती.
चष्मा कपाळावर सारून ती बराच वेळ
एका डोळ्यानं बघत राहिली.
"हलतत गो."
"हो."
"ह्येंका खाऊक काय घालतंस?"
वासराच्या रक्तातला द्रव, दहा टक्के, मी म्हटलं,
आणि तिनं किंमत विचारली, आणि मी सांगितली.
"सायबा! माझ्याकडे निस्त्याचा पाणी पिऊन वाडली ती."
पुन्हा नळीला डोळा लावला.
"तेंका तो ताप देतलंस?"
इथे नाही. मोठ्या प्रयोगशाळेत, लांब,
एकामागे एक तीन दारं असतात तिथे.
"दुखतला?"
पेशींना दुखत नाही, हे मला माहीत आहे.
तरी ते वाक्य तोंडातून पटकन आलं नाही,
आणि तोवर ती चपला घालत होती.

मंगळवारी नायट्रोजनचा डबा जीपमध्ये चढवला.
सोबतच्या फॉर्मवर एक रकाना: संख्या.
कुप्या सहा, प्रत्येकीत एक कोटी,
मी लिहून टाकलं.
डुकरं किती, असं त्यात कुठे विचारलेलं नाही.