आदणांची वही

दोनशे पानी वही, कव्हरवर काकवीचा डाग.
तारीख, तिथी, उसाची जात,
तोड कधी झाली, चुन्याची निवळी किती,
आणि शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न :
गूळ बसला का?

वडणग्याच्या गुऱ्हाळावर मी हिशेबाला होते.
कृष्णात मगदूम गुळव्या,
मनगटापासून कोपरापर्यंत जुने भाजल्याचे चट्टे.
वाफेत डोळे बारीक करून म्हणायचा,
“आवसंचं आदान घिऊ नये, पोरी.
गूळ बसत न्हाई. चिखल हुतोय.”

किती वेळा झाला? मी विचारलं.
“मोजायचं कशाला? ठावं हाय की.”
चुलवणात चिपाड सारणारा इलाही हसला,
मीही हसले,
आणि दुसऱ्या दिवशी शिंगणापूर रोडवरून वही आणली.

खरं सांगायचं तर
वही मी आवसेला हरवायलाच आणली होती.

दोन हंगाम गेले.
आवसेची आदणं चौतीस, बिघडली अकरा.
बाकीच्या दिवसांची पाचशे ऐंशी,
बिघडली अठ्ठेचाळीस.

मी बेरीज तीनदा केली.
आकडे कृष्णातच्या बाजूला जाऊन उभे होते,
टोपी काढून, नम्रपणे.
त्या रात्री वही मिटून ठेवली.
वाटलं, कोण बघतंय?
एक पान फाडलं
तर सगळंच माझ्यासारखं होईल.

पान फाडलं नाही. त्यात माझा मोठेपणा नाही,
वही शिवलेली होती,
एक ओढलं की दुसरं निघालं असतं.

मग तोडीच्या रकान्यावर बोट ठेवून
खाली खाली उतरत गेले.
आवसेला टोळी सुट्टीवर.
कोयता कोपऱ्यात, बैल गोठ्यात.
मालक मात्र चरक थांबवत नाही,
म्हणजे परवाचा ऊस आज काहिलीत.
दोन दिवस उन्हात पडलेला,
कापल्या टोकाला आंबूस वास धरलेला.

म्हटलं, बघूया.
पुढच्या आवसेला पहाटे मी आणि माझा मामेभाऊ सुकुमार
दोघांनी स्वतः ऊस तोडला. तळहातांचं काय झालं ते सोडा.
चार आदणं. चारही बसली.
मग मुद्दाम, भर पंचमीला,
तीन दिवसांचा शिळा ऊस घातला.
मालकाला आधीच पैसे भरले होते, माझ्या पगारातून.
तीन आदणं चिखल.
चौथं बसलं.
नुसतं बसलं नाही, सोन्यासारखं,
रव्यावर नख मारलं तर टण्ण वाजेल असं.

कृष्णातनं सगळं ऐकून घेतलं.
गोळी बघायला पाक पाण्यात सोडला,
बोटांत फिरवला, टाकून दिला.
“म्हंजी मी बरूबर हुतो.”
अर्धे, मी म्हटलं.
“चाळीस वरसं आवसंला शिव्या दिल्या,
आन् चूक हुती शिळ्या उसाची.”
थोडा वेळ गप्प बसला.
“पर ह्ये मालकाला सांगितलंस तर
टोळीची एवढी एक सुट्टी बी जाईल.”

त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

मी मालकाला सांगितलं, ताज्या उसाचं.
चरकही आवसेला बंद ठेवा, हेही सांगितलं.
पहिलं त्यांनी लगेच मानलं.
दुसऱ्याचं म्हणाले, बघू.

आता तिसरी वही चालू आहे.
परवा कृष्णात वाकून बघत होता,
अक्षरं त्याला लागत नाहीत, आकडे लागतात.
पंचमीच्या चौथ्या आदणावर बोट ठेवून म्हणाला,
“ह्ये कसं काय बसलं?”
माहीत नाही, म्हटलं.
तिथे मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय,
त्यावर गुळाचा हात लागून ते थोडं फिसकटलंय.

“खोडू नगंस,” तो म्हणाला,
आणि काहील उतरवायला गेला.