कारण, किमान वीस अक्षरं

रात्रीचे अडीच. मनामा, सीफ, सतरावा मजला.
एसी इतका गार की ड्रॉवरमध्ये मफलर ठेवतो,
खाली रस्ता अजून उकळतोय.
पडद्यावर एक व्यवहार लाल होऊन थांबलाय:
चारशे दहा डिजिटल डॉलर, सित्राहून बिश्केकला.
पाठवणारा अब्दुल कय्यूम पारकर, वेल्डर.
घेणारा भाचा, डॉक्टरकीचं तिसरं वर्ष,
फीची मुदत उद्या.

नाव जुळतंय, म्हणतं यंत्र, अठ्ठ्याऐंशी टक्के,
कुठल्याशा यादीतल्या कुठल्याशा कय्यूमशी.
शिवाय या पैशामागे चौथ्या हातावर
एक बदनाम वॉलेट आहे.
मधल्या तिघांना ते ठाऊक असेल-नसेल,
यंत्र हात मोजतं.

चौथ्या हातावर.
माझा आजा, धोंडू गमरे, गुहागरच्या बाजारात
मीठ घ्यायला जायचा, तेव्हा आणा पायरीवर ठेवून
तीन पावलं मागे सरायचा.
दुकानदार पाणी शिंपडायचा, मग उचलायचा.
पाणी पडलं की आणा शुद्ध. आजा नाही.
बापाने हे हसत सांगितलं होतं,
जशी दुसऱ्याच्या गावची गोष्ट.
आता शिंपडायच्या जागी मी बसलोय, पगारावर.

नाही, इतकं सोपं नाही ते.
मार्चमध्ये याच लाल रंगाने
एका फिलिपिनो नर्सची सगळी पुंजी
चोराच्या घशात जाता जाता अडवली.
आठवडाभर फोन करायची, नुसते आभार मानायला.
पैसा घाण असतो, खरोखर असतो कधी कधी.
कुणाची घाण, ते विचारावं लागतं,
आणि विचारायला आम्हाला अकरा मिनिटं.

एका निवांत शुक्रवारी मी स्वतःचंच नाव टाकून पाहिलं.
एकसष्ट टक्के.
कुणाशी, ते उघडून बघितलं नाही.

फोन लावला. कय्यूम जागाच होता.
वडिलांचं नाव? आजोबांचं? गाव?
"दाभोळ. फेरीबोटीतून उतरलं की मशिदीमागं.
पासपोर्टात क्यू आहे, बँकेत के,
दाखल्यावर मास्तरनं काय लिवलं अल्ला जाणे.
साहेब, माझं काय चुकलं?"
हे शेवटचं वाक्य फार सफाईने आलं.
फेरीबोट जिथून सुटते ती बाजू माझी,
हे मी सांगितलं नाही. कॉल रेकॉर्ड होतात.

किल्ल्या तीन, लागतात दोन.
एक माझी. दुसरी फातेनकडे, मुहर्रकला, तिच्या घरी.
तिचा पणजोबा मोती पारखायचा,
लाल कापडावर, पितळेच्या चाळण्या एकात एक.
"चाळणीला मोती कळत नाही," ती एकदा म्हणाली होती,
"भोक कळतं. पुढचं डोळ्यांनी."

सहीआधी एक चौकट येते: कारण, किमान वीस अक्षरं.
लिहिलं, नाव सारखं, माणूस दुसरा.
कमी पडली.
खोडलं नाही, पुढे जोडलं,
मी बोललो त्याच्याशी.

तीन वाजून सात मिनिटांनी फातेनची किल्ली फिरली,
एकही शब्द न विचारता.
चारशे दहा निघाले.
मफलर गुंडाळला. रांगेत पुढचा लाल:
नव्वद डॉलर, जनकपूर, बहात्तर टक्के.