सुकटीच्या तळाशी

किसुमूच्या बाजारात मी टॅबलेट
सुकटीच्या पिशवीत, पार तळाशी ठेवायचे.
वास असा, की चोरानंही नाक मुरडावं.
साहेब हसायचे: नेकेसा, दवाखान्याच्या वस्तूला मासळीचा वास!
असू दे. आत दोनशे बारा बायका आहेत,
कुणाच्या रक्तात काय, कुठल्या गोळ्या,
नवऱ्याला ठाऊक की नाही.

तरी गेलाच.
मटाटूत खिडकीशी डुलकी लागली,
कोंडेलेला उतरले तेव्हा हात हलका.
सुकटीसकट नेला मेल्यानं.

ऑफिसातल्या ओकुमूनं विचारलं,
कुलूप आहे त्याला, तरी पुसू?
पूस, म्हटलं.
पडद्यावर एक रेघ सरकत राहिली
माझा चहा निवेपर्यंत.

शुक्रवारपर्यंतची नावं ऑफिसात होती.
नंतरच्या नऊजणींकडे मी पायी गेले.

अवुओर तळ्याकाठी जाळं सांधत होती.
म्हणाली, म्हणजे आत्ता मी कुठेच नाही?
कुठेच नाही.
चोराकडेपण?
त्याच्याकडे नुसती काच.

सुई तशीच धरून ती बराच वेळ बसली.
मग म्हणाली,
उद्या ये लिहायला.
आजचा दिवस असंच राहू दे.