फेस

साखर पेठेच्या मागं एक बोळ आहे,
रिक्षा आत शिरते पण वळत नाही.
तिथं राजमोगली गुंडेटीचं परमिट रूम.
पाटीवर 'विश्रांती'. त्यातलं 'श्रां' रात्री पेटत नाही,
म्हणून आम्ही म्हणतो विती.
जागाही तेवढीच.
'वितीत बसलोय' म्हटलं की बायकोला
पहिली दोन वर्षं काही कळलं नाही.

पाच टेबलं. सहावं मांजरीनं घेतलं.
फ्रिज वीज असेल तेव्हा.
उन्हाळ्यात राजमोगली बाटलीला ओला टॉवेल गुंडाळतो,
इथल्याच मागाचा, काठ चुकलेला, व्यापाऱ्यानं परत केलेला,
आणि पंख्याखाली ठेवतो,
ताप चढलेल्या पोरासारखी.
गार नसते ती, खरं सांगतो.
काळजी घेतलेली असते.

नळाला पाणी पाच दिवसांनी,
बिअरचा टेम्पो मंगळवारी आणि शुक्रवारी, न चुकता.
ह्यावर कुणी विनोद करत नाही.
एकदा करून झाला.

मागची भिंत सामाईक होती,
पलीकडं चोवीस माग.
खटक खटक खटक, रात्री बारापर्यंत.
टेबल थरथरायचं, शेंगाचटणी बशीतून बशीबाहेर चालायची,
ग्लासातला फेस मरायचाच नाही.
पुण्याचा मेहुणा म्हणाला, असला फेस कुठं पाहिला नाही बुवा.
राजमोगली म्हणाला,
'दुधागत हाय ओ. हलवत ऱ्हावं लागतंय.'

बोलणं शक्यच नव्हतं.
विणकर तसेही अर्धे बहिरे, ओठ वाचायचे.
सत्तय्या चिलवेरी बोटांनी मागवायचा,
उभी बोटं बाटल्या, आडवी बोटं अंडी.
यल्लप्पा ग्लासात तोंड घालून सासऱ्याला शिव्या द्यायचा,
सासरा समोरच.
पंधरा वर्षं बसलो ह्या लोकांत,
एकाचाही आवाज मला ठाऊक नव्हता.

मी वीज मीटर वाचतो.
शेडची युनिट दर महिन्याला घटत होती,
चोवीस मागांची, सोळांची, नऊची.
मीच टिपली.
वितीत येऊन बसलो
आणि ओठ हलवले नाहीत.

मग एका गुरुवारी माग गेले. किलोवर.
त्या संध्याकाळी पंख्याचा आवाज ऐकू आला,
मांजर खाते तोही.
सत्तय्या म्हणाला, 'दोन दे',
आणि स्वतःच दचकला,
एवढा बारीक आवाज, शाळेतल्या मुलीचा.
यल्लप्पा सवयीनं ग्लासात पुटपुटला.
सगळ्यांनी ऐकलं.
सासरा शांतपणे म्हणाला,
'ग्लास काचेचा असतोय बे.
पंधरा वर्षं वाचतोय की.'

हसलो आम्ही. फार मोठ्यानं, कारण हळू हसता येत नव्हतं.
हसून खाली पाहिलं तर फेस बसलेला.
पिवळं पाणी, कडेला एक बुडबुडा,
तोही गेला.
राजमोगली एकेका टेबलाशी जाऊन ग्लास पाहत राहिला,
पेशंट पाहावा तसा.

आठवड्यानं त्यानं भंगारवाल्याकडून एक माग परत आणला.
पैसे किती दिले सांगत नाही.
काउंटरमागं बसवला, दारूचे खोके जिन्यात गेले.
सात ते दहा सत्तय्या चालवतो, मजुरी दोन बाटल्या.
हिशेबात बसत नाही.
राजमोगली म्हणतो, 'टॉवेल लागत्यात की ओ.'
टॉवेलच्या काठावर विणलेलं असतं 'विती'.
श्रांला धागा जास्त जातो, म्हणे.

फेस पहिल्यासारखा नाही. निम्मा.
पण उभा राहतो.

काल रीडिंग घ्यायला गेलो.
साठेक युनिट जास्त.
आकडा वाकडा आला वहीत.
भिंत हलत होती.